मशीनमधला भंडारा

आमच्या घरात धूळ कधी नव्हती. होतं ते पीठ. दुबलगुंडीत वेशीच्या आत अप्पांची पिठाची गिरणी आणि गिरणीच्या पाठभिंतीला लागून आमच्या खोल्या. मधल्या दाराला चांगल्या जाड फळ्या होत्या, पण पिठाला दाराचं काय! ते आमच्या पापण्यांवर असायचं, लुगड्यांच्या घड्यांत असायचं, देवांच्या टाकांवर, दुधावरच्या सायीवरसुद्धा. शाळेत मला 'म्हातारी' म्हणायचे, कारण मी वेणी झटकली की पांढरं उडायचं. सकाळी अप्पांनी मोटार चालू केली की पट्ट्याची फटफट आणि जात्याची घरघर सुरू व्हायची आणि त्या आवाजात बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागायचं. त्यामुळे सगळं घर मोठ्यानं बोलणारं. करंट गेला, गिरणी थांबली, तरी आम्ही आपले ओरडतच, मीठ दे, चटणी दे. शेजारणींना वाटायचं, ह्यांच्यात रोज भांडणं. माय चुलीपुढे भाकरी थापता थापता भिंतीपलीकडच्या अप्पांशी गप्पा मारायची. गिऱ्हाईक पायलीचे पैसे देऊन जास्तीचं दळून न्यायचं आणि अप्पा बघून न बघितल्यासारखं करायचे, तेव्हा ती तिकडून म्हणायची, "आंधळं दळतंय आन् कुत्रं पीठ खातंय!" अप्पा हसायचे. भाकरी, शेंगाची चटणी, पुंडीची, म्हणजे अंबाडीची, आंबट भाजी, वर कच्चा कांदा, असं आमचं जेवण असायचं आणि त्यातही पीठ उडून पडलेलं असायचंच. मी आजही फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलते की मुलगी म्हणते, आई, फोन ठेव, तसंच ऐकू येईल.

ह्या घरात भागीरथी अक्का कशी जन्मली कोण जाणे. आम्ही तीन भावंडं, सर्वांत थोरली अक्का, मग अण्णा, मग मी. अक्का बोलायची ती ओठांतल्या ओठांत, चालायची ती भिंतीकडेनं. रागवायची नाही, मागायची नाही. माय म्हणायची, ही पोरगी देवानं दुसऱ्याच्या घरी धाडायची होती, चुकून आपल्या दारात टाकली. गमतीनं म्हणायची. पुढे ज्या घरी आम्ही तिला आपल्या हातानं धाडलं ते आठवलं की ती गंमत मला अजून टोचते.

अक्काला दिलं अफजलपूरला. खत-बियाण्याचं दुकान, भीमेच्या पाण्याखालचा ऊस, घरात चकचकीत फरशी. नवरा, म्हणजे आमचे दाजी, शर्टाच्या खिशात दोन पेनं लावून फिरायचे. सासरे नव्हते, घर सासूच्या मुठीत. आमचं आणि त्यांचं घराणं मूळचं मेंढरांमागचं, दोघांचा देव एकच, मैलारचा मल्लण्णा, म्हणजे खंडोबाच. "देव एक हाय, मग मानसं बी एकाच मनाची असणार," असं अप्पा म्हणाले होते. अप्पांचा हिशेब नेहमी असाच सरळ असायचा आणि जग त्यांना नेहमीच फसवायचं.

अण्णा तेव्हा बिदरजवळ कोळारच्या कारखान्यात गोदामावर कामाला होता. तिथं एक टाय घातलेला माणूस मशीन विकायला आला होता. साहेबाच्या खोलीतल्या गालिच्यातली धूळ त्यानं ओढून दाखवली आणि अण्णा वेडावला. अक्काच्या लग्नात त्यानं तीच मशीन आणली. रुखवतात पितळी हंडे, करंज्यांची ताटं, विणलेले रुमाल आणि त्यांच्या मधोमध हे तांबडं-पांढरं पिंप, त्याला सोंडेसारखी नळी. ते काय आहे हे मांडवात कुणालाच कळेना. आमची चुलत आजी जवळ जाऊन, नळी हातात धरून म्हणाली, "फवारायचा पंप कामून दिलासा पोरीला? तिकडं जाऊन उसाला मारायचा काय?" मांडव हसला. अण्णा चिडून म्हणाला, "आज्जे, ही फवारत न्हाई, ओढतीया. घरातला केर वढून घेतीया." आजीनं अक्काच्या गालावरून हात फिरवला. "मग बरं हाय. माझ्या लेकीची कंबर तरी वाचंल."

पुढचं मला अक्काकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं, कारण ती एका दमात काही सांगायचीच नाही. लग्नानंतरची तिची तिसरी की चौथी चंपाषष्ठी असेल. सासरच्या घरात तळी उचलली, येळकोटाचा गजर झाला, भंडारा उधळला. मोठा सोपा, भरपूर माणसं. फरशी हळदीनं पिवळीधमक झाली. आमच्याकडे भंडाऱ्याला केरसुणी लावत नाहीत. देवाचा भंडारा तो. बायका हातानं, फडक्यानं गोळा करतात, उरलेलं ओल्या फडक्यानं टिपून पाणी तुळशीला घालतात. पण तिथं पंगत बसायची होती, सासू घाई करत होती. "केरसुणी लावायची न्हाई, पायाखाली बी येऊ द्यायचा न्हाई, आन् लौकर आवर म्हनल्या," अक्का मला म्हणाली. "मग मला वाटलं, मशीन काय केरसुणी न्हाई. वरच्या वर उचलंल. देवाला पाय लागनार न्हाई, झाडू लागनार न्हाई." तिनं मशीन लावली. पाहुण्या बायका कौतुकानं बघत उभ्या राहिल्या. सासूसुद्धा खुशीत होती, आमच्या सुनेनं माहेराहून आणली म्हणून सांगत होती. अर्धा सोपा लखलखीत झाला आणि मशीन गुरगुरली, कण्हली, हळद जळाल्याचा वास आला आणि धूर काढून ती बंद पडली. दाजींनी झाकण उघडलं. आतल्या पिशवीत देवाचा भंडारा केसांच्या गुंतवळ्यात, चपलांच्या मातीत कालवलेला. एक पाहुणी म्हणाली, "अगं बया, देव केरात घातला की!" अक्का म्हणायची, त्या बाईचं तोंड मला आठवत नाही, पण आवाज आठवतो.

दाजी कलबुर्गीपर्यंत आले आणि त्यांनी अक्काला हुमनाबादच्या बसमध्ये बसवून दिलं. पुढचा प्रवास तिनं एकटीनं केला, शेजारी गोणपाटात बांधलेली मशीन घेऊन. आमच्या दारात उतरली तेव्हा तिचे हात पिवळे होते. सासूचा निरोप असा होता: मशीनमध्ये भंडाऱ्याचा कण राहिला नाही पाहिजे आणि मशीन चालली पाहिजे. मग पोरीला आणून सोडा.

माय कपाळाला हात लावून बसली. अप्पांच्या तोंडावर मात्र उजेड आला होता, खरंच सांगते. "अट घातलीया," ते म्हणाले. "अट घातलीया म्हंजी दार उघडं हाय. दार लावणारा मानूस अट घालत न्हाई." आणि मोटार, पट्टा, बेरिंग, वंगण ह्यांतच ज्याचा जन्म गेला त्याला मोटारीचीच अट घातलेली! अप्पांना वाटलं, देवानंच ही अट बेतून पाठवली. माझ्या लेकीचा संसार माझ्या हातात आला, आणि हात तर माझे चांगले आहेत.

दुपारी करंट जायचा, गिरणी थांबायची, तेव्हा ते मशीन घेऊन बसायचे. गिरणीत नाही, तिथं चामड्याचा पट्टा, देवाच्या कामाला विटाळ. मागच्या ओसरीवर, सारवलेल्या जागी. अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, चपला लांब काढून. दुसरं पांढरं धोतर खाली अंथरलं, त्यावर मशीन ठेवली आणि तिला हात जोडले. मला हसू आलं तशी मायनं माझ्याकडे असं बघितलं की ते घशातच विरलं. अप्पांनी दोन बाजूंचे चाप उघडले, झाकण काढलं, आतली कापडी पिशवी अलगद, बाळ उचलावं तशी दोन्ही हातांवर घेतली. "हळू ग, उडू देऊ नका," ते म्हणाले. वारा नव्हता तरी आम्ही श्वास धरून बसलो होतो.

पिशवी मैद्याच्या चाळणीत उलटी केली. खाली तांब्याच्या ताटात बारीक पिवळं पडायला लागलं आणि चाळणीत राहिलं ते वर दिसू लागलं. केस. उसाचं पाचट. काडेपेटीच्या काड्या. बांगड्यांचे तुकडे. हिरव्या काचेचे, बारीक-मोठे, एका फुटलेल्या बांगडीचे नव्हेत, एका वेळचेही नव्हेत. काही नवे चमकणारे, काही घासून निस्तेज झालेले. अप्पा चाळणी हलवत राहिले आणि ते तुकडे खुळखुळत राहिले. मायनं चाळणीत हात घातला, मूठभर काच उचलली. "एवढ्या बांगड्या कशा फुटल्या ग भागी?"

अक्का ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "कामात फुटतात, माय."

मायनं काच वेगळी काढून उकिरड्यापासून लांब पुरली, कुणाच्या पायाला लागू नये म्हणून, आणि अप्पांनी पान्हा हातात घेतला. मी तिथंच बसले होते. मी दहावीला होते, दूधपिती नव्हते. मला कळलं होतं, मायला कळलं होतं, अप्पांना तर कळलंच होतं. तरी आम्ही सगळ्यांनी मिळून ती मशीन दुरुस्त केली, आणि लेक नवऱ्याच्या घरी जावी म्हणून केली. ह्या गोष्टीचा मी आयुष्यभर विचार केलाय आणि प्रत्येक वेळी माझं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलंय. माझ्या माणसांत दुष्ट कुणी नव्हतं. टाकलेली लेक घरात ठेवायची कशी, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, एवढंच. मारणाऱ्या घरी पाठवायची कशी, ते मात्र सगळ्या गावाला येत होतं.

पिशवीच्या मागे पावाच्या तुकड्यासारखा स्पंज होता, तोही पिवळा. त्याच्या मागे जाळी, जाळीखाली मोटार. भंडारा गव्हाच्या पिठाहून बारीक. कापडातून गेला, स्पंजातून गेला आणि थेट मोटारीत जाऊन बसला. अप्पांनी मोटारीवरचा पत्र्याचा टोप चहूबाजूंनी थोडाथोडा उचकटून काढला. आत पंखा. त्याचा नट काही केल्या सुटेना. अप्पा जोर लावायचे तसा तो आणखी घट्ट. एकदा पान्हा सटकला आणि पंख्याचं एक पातं दबलं. अप्पा तसेच थांबले. माझ्या लेकीच्या संसाराला पोचा आला, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग त्यांनी पंखा बोटानं फिरवून बघितला, कुठल्या अंगाला फिरतो ते पाहिलं आणि म्हणाले, "उलट्या आट्याचा हाय रे हा." उलटीकडे फिरवला आणि नट लगेच सुटला. दबलेलं पातं त्यांनी लाकडावर ठेवून, नखानं सरळ करावं एवढ्या हलक्या हातानं सरळ केलं.

पंख्यामागे बेरिंग. भंडारा आणि जुनं वंगण मिळून तिथं पिवळं चिकट लुकण झालं होतं. मोटारीला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजून गेले होते आणि ते जिथं घासतात ते तांब्याचं कडं काळं पडलं होतं. अप्पांनी बारीक पॉलिश पेपरनं ते उजळलं आणि तांब्याच्या पट्ट्यांमधल्या चिरांतून मायची गोधडी शिवायची सुई फिरवली. एकेक चीर. सायकलच्या पंपानं फुंकायचं, खाली धोतरावर काय पडतं ते बघायचं, पुन्हा सुई. मोटार तर केव्हाच साफ झाली होती. अप्पांना कण काढायचा होता. बारीकसं पिवळं दिसलं की ते ओल्या बोटाच्या टोकावर उचलून ताटात ठेवायचे. तो सगळा भंडारा नंतर पुरचुंडी बांधून मैलारला पोचवला, देवाच्या पायावर.

पिशवी मायनं सोडा घालून भिजवली आणि थोड्या वेळानं मोरीत अक्काची किंकाळी ऐकू आली. एवढा मोठा आवाज तिच्या गळ्यातून मी पहिल्यांदाच ऐकला. बादलीतलं पाणी रक्तासारखं तांबडंलाल झालं होतं. "माय, देव कोपलाय ग!" अक्का ओरडली. मायनं तिला धरलं. "अगं येडे, हळदीला सोडा लागला की तांबडी व्हतीयाच. कुंकू कशाचं करत्यात? तुला काय म्हाईत न्हाई व्हय?" अक्काला माहीत होतंच. पण ती पाण्याकडे बघत राहिली आणि त्या रात्री जेवली नाही. मायनं ती पिशवी पुन्हा वापरलीच नाही. मांजरपाटाची नवी शिवली, दुहेरी शिवणीची. हळदीचा डाग साबणाला दाद देत नाही, उन्हाला देतो. म्हणून स्पंज आणि आतले प्लास्टिकचे भाग माळवदावर उन्हात ठेवले. अक्का दुपारभर तिथं बसायची आणि पापड उलटावेत तसे ते भाग उलटत राहायची. रोज थोडं थोडं पिवळं उडायचं. मी शाळेतून आले की ती मला विचारायची, "बग ग, दिसायलंय का अजून?" मी म्हणायची, न्हाई. ती म्हणायची, "दिसायलंय. जरा दिसायलंय."

तेवढ्यात वेळ अमावस्या आली. आमच्याकडे त्या दिवशी गाव रिकामं होतं, सगळे रानात. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा, मडक्यात अंबील, सगळ्या भाज्या आणि ओले दाणे घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे. एरवी अक्काला हा सण फार आवडायचा. त्या वर्षी प्रत्येक खोपीवरून कुणी ना कुणी यायची, हातावर अंबीलीचा द्रोण घेऊन बसायची आणि विचारायची, "कवा जायलीस ग भागी?" अक्का म्हणायची, "मशीन झाली की." दोन दिवसांत गावभर झालं ते. गिरणीत दळायला आलेली माणसं अप्पांना राम राम करायच्या आधी विचारायची, "काय अप्पा, मशीन झाली का?" आणि अप्पा पट्ट्याच्या आवाजाच्या वर ओरडून सांगायचे, "व्हायलीया! बेरिंग तेवढं यायचंय!" माझ्या बहिणीचं काय होणार हे सगळं गाव असं विचारत होतं आणि अप्पा असं सांगत होते.

बेरिंग अण्णानं बिदरहून आणलं. कार्बन मिळाले नाहीत. मिक्सरचे आणून अप्पांनी ते दगडावर घासून मापात आणले. झाकणाखालची रबराची रिंग कडक झाली होती, तिच्या जागी सायकलच्या ट्यूबची कापून बसवली. सगळं जोडून झालं, करंट आला आणि अप्पांनी बटण दाबलं. ती अशी काही चालली! गुरगुर नाही, कण्हणं नाही, एकसारखा सूं आवाज. अप्पांनी नळीचं तोंड तळहाताला लावलं, ते चिकटलं. मायनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. अण्णानं नळीनं माझ्या वेणीतलं पीठ ओढून दाखवलं आणि मी ओरडले तशी अक्का हसली.

माझ्या मुलीकडे, बेंगळुरूला, आता ताटाएवढी चपटी गोल मशीन आहे. ती आपोआप फिरते, खुर्चीला आपटली की वळते, थकली की आपल्या जागी जाऊन बसते. जावई मला कौतुकानं दाखवतो. मी बरं म्हणते आणि ती सुरू झाली की गॅलरीत जाऊन उभी राहते. आत काय काय गोळा होत असेल, ते उघडून बघायची माझी छाती होत नाही.

अफजलपूरला अप्पा, अक्का आणि मी गेलो. लेक पुन्हा नांदायला निघाली म्हणून मायनं मला पाठराखीण म्हणून धाडलं, लग्नात धाडतात तसंच. अक्कानं लग्नातलं हिरवं पातळ नेसलं होतं, हातभर नव्या बांगड्या भरल्या होत्या. मशीन अप्पांच्या मांडीवर, त्याच पांढऱ्या धोतरात गुंडाळलेली. कलबुर्गीला बस बदलताना हमाल उचलायला आला तर अप्पांनी हात लावू दिला नाही. उसाचे दिवस होते. अफजलपूरच्या रस्त्याला ट्रॅक्टरच्या रांगा, वाटेवर सगळीकडे चिपाडं. अप्पा खिडकीतून ऊस दाखवत होते, "हे बग, केवढं पाणी हाय इकडं. सुखाचा मुलूख हाय."

सासूनं आम्हाला सोप्यात बसवलं, पाणी दिलं, चहा दिला. अप्पांनी मशीन उघडून दाखवली, पिशवी दाखवली, स्पंज दाखवला. सासूनं पदराच्या टोकानं आतला पत्रा पुसला आणि पदर उजेडात धरून बघितला. पांढरा. "साकु," ती म्हणाली, पुरे म्हणून, आणि मग अक्काकडे वळली. "घे, तूच चालव. तुला येतंय."

अक्कानं पदर खोचला. तिनं सोपा स्वच्छ काढला, देवघराबाहेरची जागा काढली, स्वयंपाकघर, माडीचा जिना, पलंगाखालची जागा. एकेक फरशी. मशीन एकसारखी चालत होती आणि अप्पा तिच्या आवाजाकडे कान लावून, डोळे अर्धे मिटून बसले होते. अक्का ह्या खोलीतून त्या खोलीत जात होती, घरच्या बाईसारखी, वस्तू उचलून जागच्या जागी ठेवत होती. जाता जाता तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिच्या तोंडावर असं काही होतं की मीही तिथल्या तिथे सगळं विसरले, चाळणी, काच, सगळं. मला वाटलं, झालं. मिटलं. सासूनं पानं वाढली. भाकरी, भाजी, वर गव्हाची गोड हुग्गी, त्यावर तुपाची धार. अप्पांनी माझ्या कानात म्हटलं, "गोड जेवू घातलं म्हंजी झालं बग." दाजी दुकानात होते. जेवायला आले नाहीत. कामात असतील म्हणून अप्पांनीच समजूत घातली.

हात धुऊन झाल्यावर सासू म्हणाली, "मशीन झाक झाली, इवाई. त्या कोपऱ्यात ठेवा. आन् भागीला घेऊन जावा. तीनची गाडी घावंल तुमाला."

अप्पांना कळलंच नाही. ते हसत होते. "आं?"

"देवाला कौल लावलाव आमी. देव न्हाई म्हनतोय. आता देवाच्या पुढं माझं काय चालतंय?"

"कवा लावला कौल?" अप्पांनी विचारलं.

"भागी तिकडं गेली त्याच दिशी."

अप्पा उभे होते ते खाली बसले. अक्का दाराच्या चौकटीला धरून उभी. मी अक्काच्या सासूकडे बघत होते. ती पानाला चुना लावत होती. "पर इहीणबाई," अप्पा म्हणाले, "अट तर मशीनची घातलेली तुमी."

"व्हय. मशीनची व्हती. मशीन ठेवून घेतली की आमी."

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. गिरणीवाल्याची पोरगी, आवाज काही कमी नव्हता. अप्पांनी माझं मनगट धरलं. ते उठले, मशीन उचलून कोपऱ्यात नीट भिंतीला लावून ठेवली, वायर गुंडाळून वर ठेवली. धोतराची घडी करून काखेत घातली. आणि दारात वळून त्या बाईला म्हणाले, "पिशवी आठवड्याला झाडत जावा. ओलं काय वढू नका तिनं, मोटार जाईल." सासूनं मान हलवली.

त्यानंतर अक्का कधी अफजलपूरला गेली नाही. कुणी बोलवायला आलं नाही. दाजींनी दुसरं लग्न केलं हे कळायलाही आम्हाला उशीर लागला. अक्का गिरणीत उभी राहिली, अप्पांमागे तिनंच ती चालवली, आणि तिथंच, जात्याच्या तोंडाशी बसल्या जागी, एका दुपारी ती गेली. आयुष्यात तिनं पुन्हा काही मागितलं नाही, आणि आम्ही तिला काही दिलं नाही. ती मशीन तिथून उचलून आणावी, त्या बाईच्या फरशीवर आपटावी, एवढंसुद्धा आम्हाला सुचलं नाही, ह्याचा राग माझ्याबरोबरच जळणार आहे.

पण त्या दिवशी आम्हाला तीनची गाडी मिळाली. अक्का खिडकीशी, मी मध्ये, अप्पा कडेला. बस उसाच्या ट्रॅक्टरांमागे रांगत चालली होती. मध्येच अप्पा बोलायला लागले, आमच्याशी नव्हे, समोरच्या सीटच्या पाठीशी. बेरिंग नवं घातलं. कार्बन मापात बसले होते. स्पंज उन्हात पांढरा झाला होता. चिरांतून सुई फिरवली. पत्रा पुसला, पदराला काही लागलं नाही. मग ते माझ्यावरून वाकले आणि अक्काला म्हणाले, "भागी, खरं सांग बाळ. राहिला व्हता का ग कुठं एखादा कण?"

अक्कानं त्यांचा हात हातात घेतला. नव्या बांगड्या वाजल्या.

"न्हाई अप्पा," ती म्हणाली. "एक बी न्हवता."